बॉडी तीच

सीताबर्डीच्या एका गाळ्यातून साडेचार हजाराला आणला,
दोन जीबीचा, एका बिजागरीचा.
दुसरीच्या जागी मी तांब्याची तार ओवली.
चालू केला की पंखा असा ओरडायचा
जशी गाळात बसलेली सबमर्सिबल,
आणि पडद्यावर चकरी:
अपडेट सुरू आहे, बंद करू नका.
चार दिवस नाही केला.
पाचव्या दिवशी पाठीवर हात ठेवून पाहिला.
जळका वास नव्हता, तरी समजलं,
वाइंडिंग गेली याची.

वडकीच्या फाट्यावर एकतीस वर्षं मोटारी भरतो मी.
जुनी तार उपसायची, खाचा साफ करायच्या,
नवी भरायची. बॉडी तीच.

करुणा टेकाम आली, यवतमाळच्या तंत्रनिकेतनातली,
गळ्यात काळ्या दोऱ्यात पेनड्राइव्ह,
लेकराला ताईत बांधावा तसा.
काका, यात लिनक्स हाय. हलकं. तुमच्या मशिनले झेपन.
कितीचं?
फुकट.
मंग खोट काय हाय त्यात?
खोट इतकीच, म्हणाली, आपलं आपल्याले वाचा लागते.

एफ बारा. एफ बारा.
तिसऱ्या खेपेला काळ्यावर पांढऱ्या ओळी धावल्या
आणि आत काय आहे ते दिसलं.
एक फोल्डर: आर्या, सातवा वाढदिवस.
समोरचे दोन दात नाहीत,
मागं एक माणूस फुगा फुगवतोय, गाल टरारलेले.
हे कोणाचं?
जुन्या मालकाचं. राह्यलं असन.
जळकी तार मी किलोनं तोलून भंगारात देतो,
तिनं कोणाच्या वावराला पाणी दिलं, कधी विचारलं नाही.
म्हटलं, घे हे तुझ्या ताइतात.
जागा नाही काका.
मग एकच घेतला, फुग्याचा.
बाकी पुसलं.

पुढं पार्टिशन.
म्हणजे वाटणीच की, तलाठी बोलावू का?
एक हिस्सा सिस्टिमचा, एक घरचा,
एक लहानसा, मेमरी कमी पडली तर उसनवारीला.
हे मला तिच्या आधी समजलं.
कुठं राहता, नकाशानं विचारलं.
बोट बरोबर वडकीवर ठेवलं,
खाली उमटलं कोलकाता.
राहू द्या, करुणा म्हणाली, घड्याळ एकच हाय.

एकसष्ट टक्क्यांवर लाईन गेली.
लॅपटॉपची बॅटरी नावापुरती, अकरा मिनिटं.
करुणा नखं खायला लागली:
आता मधातच बंद पडला
तर ना जुना, ना नवा.
मी तोवर मागच्या शेडात पोचलो होतो.
ट्रॅक्टरची बॅटरी ओढत आणली,
बँकेनं टाकलेल्या यूपीएसला चिमटे मारले,
एक ठिणगी उडाली, तिला उडू दिलं.
बासष्ट. त्रेसष्ट.
तेवढ्या उजेडात
फाट्यावरची दोन कुत्री येऊन बसली.

साडेदहाला उठला. बावीस सेकंद,
मी मोजली.
पंखा फिरत होता, हात लावला तेव्हा कळलं.

नाव काय देऊ मशिनले?
माझं नको देऊ. बिघडला तर लोक म्हणतील देवाजी बिघडला.

मग माझी डायरी काढली, ग्रीसनं पानं काचेसारखी झालेली.
पहिली नोंद: सोनबा कुमरे, पाच एचपी,
चोवीस खाचा, बावीस गेज, मोटार जळाली.
एका बोटानं टाईप केलं.
ळ सापडायला फार वेळ लागला,
आणि ळ शिवाय आमच्या धंद्यात
काही लिहिताच येत नाही.
रात्रीतून तीन पानं झाली.
अशा डायऱ्या नऊ आहेत.

आवाज मात्र येत नाही त्यातून अजून.
कसलासा ड्रायव्हर सापडत नाही म्हणते करुणा,
बाजाराच्या दिवशी पाहू.
मोटारीचं बरं असतं,
आधी आवाज येतो
मग पाणी.